ऑनलाइन फॉर्म पुढे सरकत नाही? आधी ब्राउझर तपासा

माझ्या वर्गातल्या एका मुलीची अम्मी शाळेत आली, हातात एक प्रिंट. म्हणाली, "टीचर, फॉर्म तो भरा था ना? फिर लिस्ट में नाम क्यूं नहीं?" प्रिंट पाहिली. सगळी माहिती बरोबर, कागद जोडलेले, फोटो व्यवस्थित. फक्त वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिले होते, "अर्ज अपूर्ण". शेवटचे बटण दाबल्यावर "खात्री आहे का?" असे विचारणारी एक छोटी खिडकी उघडायला हवी होती. ब्राउझरने ती अडवली होती. बटण दाबले गेले, पण अर्ज गेलाच नाही. दुकानदार म्हणाला "हो गया", अम्मी घरी आली आणि मुदत संपली. त्याच शिष्यवृत्तीचा दुसऱ्या मुलीचा अर्ज आम्ही शाळेच्या संगणकावरून भरला होता, तो दहा मिनिटांत गेला.

कागद दोघींचे सारखेच होते. फरक फक्त ब्राउझरचा होता.

शिष्यवृत्ती, अकरावी प्रवेश, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट, हजचा अर्ज, आता सगळे ऑनलाइन आहे. फॉर्म अडकला की आपण दोनच गोष्टी बोलतो, "सर्व्हर डाऊन आहे" किंवा "आपलंच काहीतरी चुकलं असेल". बऱ्याच वेळा दोन्ही खरे नसते. वेबसाइट आणि ब्राउझर यांचे आपसात जुळत नसते, आणि ते घरच्या घरी दुरुस्त होऊ शकते. त्यासाठी ही माहिती क्रमाने देत आहे. जपून ठेवा, शेजाऱ्यांनाही दाखवा.

ब्राउझर म्हणजे काय, आणि जुळत नाही म्हणजे काय

ज्या अ‍ॅपमधून आपण वेबसाइट उघडतो तो ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी, ऑपेरा हे सगळे ब्राउझर. वेबसाइट तिकडून फक्त सूचना पाठवते, की इथे चौकट काढा, इथे बटण ठेवा, बटण दाबल्यावर हे करा. त्या सूचना वाचून पान उभे करण्याचे काम ब्राउझर करतो. एकच चिठ्ठी दोन माणसांनी थोडी वेगळी वाचावी, तसे दोन ब्राउझर एकच पान थोडे वेगळे वाचतात. बातम्या वाचताना याने काही बिघडत नाही. फॉर्ममध्ये मात्र एक बटण चालले नाही तरी सगळी मेहनत वाया जाते.

ब्राउझरच्या आत एक इंजिन असते. क्रोम, एज, ब्रेव्ह आणि ऑपेरा यांचे इंजिन एकाच घराण्याचे आहे. फायरफॉक्सचे वेगळे आहे. सफारीचे आणखी वेगळे. म्हणून क्रोममध्ये फॉर्म अडला आणि तुम्ही एजमध्ये उघडला, तर इंजिन तेच राहिले. खरा फरक बघायचा तर फायरफॉक्समध्ये उघडा. आपल्याकडच्या आयफोनची गोष्ट निराळी आहे. त्यावर क्रोम टाका नाहीतर फायरफॉक्स, आत इंजिन सफारीचेच असते. आयफोनवर फॉर्म चालत नसेल तर ब्राउझर बदलत बसू नका, संगणक किंवा अँड्रॉइड फोन घ्या.

जुन्या वेबसाइट्सचे दुखणे

काही वर्षांपूर्वी अनेक कार्यालयांच्या वेबसाइट फक्त इंटरनेट एक्सप्लोररसाठी बनवल्या जात. हा ब्राउझर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी बंद केला. काही पाने फ्लॅशवर चालत. अ‍ॅडोबी कंपनीने फ्लॅशची साथ ३१ डिसेंबर २०२० रोजी सोडली आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशची पाने चालणे बंद झाले. म्हणून एखाद्या पानावर आजही "फ्लॅश इन्स्टॉल करा" असे दिसले तर करू नका. तसे सांगणारी फाइल आज धोक्याचीच समजा.

जुनी वेबसाइट इंटरनेट एक्सप्लोररच मागत असेल, तर विंडोज संगणकावर एक रस्ता आहे. एज ब्राउझर उघडा, सेटिंग्जमध्ये "डिफॉल्ट ब्राउझर" या भागात जा. तिथे इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये पान पुन्हा उघडण्याची परवानगी द्या आणि एज बंद करून परत सुरू करा. मग त्याच भागातल्या इंटरनेट एक्सप्लोरर मोडच्या पानांच्या यादीत त्या वेबसाइटचा पत्ता जोडा आणि ती पुन्हा उघडा. ही सोय निदान २०२९ पर्यंत ठेवू, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. फोनवर ही सोय नाही.

उलटेही होते. वेबसाइट नवी असते आणि आपला संगणक किंवा फोन जुना. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ नंतर त्यांना नवे क्रोम मिळत नाही. अँड्रॉइड ८ आणि ९ च्या फोनवर १३८ ही शेवटची आवृत्ती, त्यापुढच्या क्रोमला अँड्रॉइड १० लागते. घरात भाईजानचा जुना फोन मुलांना अभ्यासाला दिलेला असतो. व्हिडिओ त्यावर छान चालतात, पण फॉर्म त्यावर भरू नका.

आधी ओळखा: दोष कुठे आहे?

तीन छोट्या तपासण्या करा. पाच मिनिटे लागतात.

१. दुसरी एखादी वेबसाइट उघडून बघा. तीही उघडत नसेल तर नेटचा प्रश्न आहे.

२. तोच फॉर्म इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. क्रोममध्ये तीन टिंबांच्या मेनूत हा पर्याय असतो. इथे ब्राउझर जुना साठा आणत नाही, आणि संगणकावरची जोड-साधने, म्हणजे एक्स्टेन्शन, शक्यतो बंद असतात. इथे फॉर्म चालला तर दोष जुन्या साठ्याचा किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा.

३. वेगळ्या इंजिनाच्या ब्राउझरमध्ये उघडा. तिथे चालला तर दोष पहिल्या ब्राउझरचा. दोन वेगळ्या इंजिनांत आणि दोन वेगळ्या नेटवर सारखाच संदेश येत असेल, तर मात्र दोष बहुधा वेबसाइटचा किंवा भरलेल्या माहितीचा आहे.

नेहमीच्या अडचणी आणि त्यांचे उपाय

बटण दाबले, काहीच होत नाही. पॉप-अप अडवले गेले असण्याची शक्यता सर्वात मोठी. संगणकावर पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला छोटे चिन्ह येते, ते दाबून या वेबसाइटला परवानगी द्या. फोनवर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये "साइट सेटिंग्ज" आणि त्यात "पॉप-अप्स अँड रिडायरेक्ट्स". काम झाले की परवानगी परत बंद करा. जाहिराती रोखणारे एक्स्टेन्शन असेल तर तेवढ्या वेळापुरते बंद ठेवा. पावती दुसऱ्या खिडकीत उघडते, ती दिसत नसेल तर कारण बहुधा हेच.

पान अर्धवट दिसते किंवा जुनीच माहिती दाखवते. ब्राउझर पानाचे काही भाग साठवून ठेवतो. वेबसाइट बदलली तरी तो जुनाच साठा दाखवतो. संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि आर ही बटणे एकत्र दाबा, पान नव्याने येईल. तरी नाही जमले तर पत्त्याच्या डावीकडचे चिन्ह दाबून फक्त त्या वेबसाइटचा साठा पुसा. सगळ्या ब्राउझरचा साठा पुसण्याची गरज नसते, त्याने इतर ठिकाणची लॉगिनही जातात. पुसण्याआधी भरलेला भाग "सेव्ह" केलेला आहे ना ते बघा.

लिंक व्हॉट्सअ‍ॅप किंवा फेसबुकवरून उघडली आहे. काही अ‍ॅप लिंक स्वतःच्याच पोटातल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडतात. तिथे फाइल जोडणे, पावती उतरवणे, दुसरी खिडकी उघडणे नीट चालेलच असे नाही. तीन टिंबे दाबून "ब्राउझरमध्ये उघडा" हा पर्याय घ्या. त्याहून बरे म्हणजे पत्ता स्वतः टाइप करा. ग्रुपवर फिरणाऱ्या लिंकमध्ये बनावट वेबसाइटही असतात. केंद्राच्या आणि राज्याच्या सरकारी वेबसाइटचा पत्ता बहुतेक वेळा "डॉट जीओव्ही डॉट इन" ने संपतो, हे आधी बघा.

फोनवर चौकटी एकावर एक चढल्या आहेत. क्रोमच्या मेनूत "डेस्कटॉप साइट" वर टिक करा आणि फोन आडवा धरा. ऑपेरा मिनीचा डेटा वाचवण्याचा सर्वात कडक मोड चालू असेल तर तो बंद करा. त्यात पान आधी त्यांच्या सर्व्हरवर आकसून येते, आणि फॉर्मची बटणे मुकी होतात.

आकडे टाकले तरी "चुकीचा क्रमांक" येते. ही अडचण आपल्या घरांत जास्त दिसते. फोनचा कीबोर्ड मराठी किंवा उर्दूवर असतो आणि मोबाइल नंबर, आधार क्रमांक किंवा कॅप्चा त्या लिपीच्या आकड्यांत जातो. आपल्याला पाच हा पाचच दिसतो, वेबसाइटला तो कळत नाही. कीबोर्ड इंग्रजीवर आणून परत टाका. उर्दू मजकूर कॉपी करून चिकटवला तर त्याच्यासोबत दिशेची न दिसणारी खूणही येऊ शकते. म्हणून नाव आणि पत्ता हातानेच टाइप करा.

मराठीत टाइप केलेले विचित्र चिन्हांत बदलते. दुकानात मजकूर कृतिदेव, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये किंवा उर्दूसाठी जुन्या इनपेजमध्ये टाइप केला असेल, तर तो फॉर्ममध्ये चिकटवल्यावर चिन्हांचा कचरा होतो. हा मजकूर युनिकोडमध्येच लागतो. फोनचा नेहमीचा मराठी कीबोर्ड युनिकोडच आहे, त्यावर टाइप करा.

पान आपोआप मराठीत बदलते. क्रोम विचारतो, "हे पान भाषांतरित करू का?" वाचायला ते सोपे पडते, पण भरताना बंद ठेवा. भाषांतरामुळे यादीतल्या पर्यायांची नावे बदलतात, जिल्ह्याचे किंवा कॉलेजचे नाव भलतेच होते, आणि काही पानांवर बटणे चालेनाशी होतात. आधी भाषांतरात वाचून समजून घ्या, मग मूळ भाषेत आणून भरा.

"आपले कनेक्शन खासगी नाही" असा इशारा येतो. आधी फोनची तारीख आणि वेळ बघा. बॅटरी पूर्ण उतरून तारीख मागे गेली असेल तर वेबसाइटचे सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला चुकीचे वाटते. तारीख आपोआप ठरण्यावर ठेवा. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल तर तो डावलून आधार किंवा बँकेची माहिती भरू नका.

फोटो किंवा कागद चढत नाही. पानावर लिहिलेला आकार आणि प्रकार शब्दशः पाळा. ५० केबी म्हणजे ५० केबीच, ५१ चालत नाही. आयफोनचा कॅमेरा फोटो वेगळ्या प्रकारात साठवतो, तो अनेक फॉर्म घेत नाहीत. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, मग "मोस्ट कंपॅटिबल" निवडा, म्हणजे पुढचे फोटो जेपीईजीमध्ये निघतील. फाइलचे नाव छोटे आणि इंग्रजीत ठेवा, मध्ये जागा किंवा टिंबे नकोत.

मध्येच लॉगिन जाते. एकच फॉर्म दोन टॅबमध्ये उघडू नका. मागे जाण्याचे ब्राउझरचे बटण दाबू नका, पानावरचेच बटण वापरा. फॉर्म तुम्हाला डिजिलॉकर किंवा बँकेच्या पानावर नेऊन परत आणत असेल आणि परत आल्यावर लॉगिन जात असेल, तर कुकीजची अडवणूक तपासा. सफारीमध्ये "प्रिव्हेंट क्रॉस-साइट ट्रॅकिंग" तेवढ्यापुरते बंद करा, काम झाले की चालू करा.

पैसे कापले गेले, पावती नाही

इथे घाई केली तर दोनदा पैसे जातात. पान परत दाबू नका. लॉगिन करून अर्जाची स्थिती बघा, बँकेचा मेसेज आणि व्यवहार क्रमांक लिहून ठेवा. कधीकधी स्थिती बदलायला थोडा वेळ लागतो.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने किंवा ऑनलाइन कार्डने पैसे भरले, ते खात्यातून गेले आणि समोरच्याला त्याची खात्री पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई देणे आहे. त्यामुळे घाबरून दुसऱ्यांदा भरण्याआधी स्थिती तपासा. मुदतीचा शेवटचा दिवसच असेल तर आधी हेल्पडेस्कला फोन करून विचारा.

ब्राउझरचा दोष नसतो तेव्हा

प्रत्येक गोष्ट ब्राउझरवर ढकलूनही चालणार नाही. आपल्या नावांची एक खास अडचण आहे. "मोहम्मद" चे कुठे "मोहं." कुठे "एमडी." झालेले असते, आणि नावाच्या रकान्याला टिंब चालत नाही. कुठे शेख इंग्रजीत दोन तऱ्हेने लिहिलेले असते. काहींना आडनाव नसते आणि फॉर्म आडनाव मागतो. आधार, शाळेचा दाखला आणि बँक पासबुक यांत स्पेलिंग वेगळे असेल तर कोणताही ब्राउझर ते जुळवू शकत नाही. ही दुरुस्ती फॉर्म सुरू होण्याच्या कितीतरी आधी करायची असते. मुलाचे नाव पहिलीत घालतानाच स्पेलिंग ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

दुकानात फॉर्म भरताना

सगळ्यांकडे संगणक नाही, दुकानात जावेच लागते. पण तिथे नुसते बसून राहू नका, स्क्रीनकडे बघा. मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, दुकानदाराचा नको, नाहीतर पुढचा ओटीपी त्याच्याकडे जाईल. इन्कॉग्निटो खिडकीत भरायला सांगा. पासवर्ड "सेव्ह करू का?" असे विचारले तर नाही म्हणा. शेवटी लॉगआउट करून घ्या, आणि डाउनलोडमध्ये राहिलेले आधार आणि दाखले पुसून घ्या. कोणी फोनवरून "स्क्रीन शेअर करा, मी भरून देतो" म्हणाले तर थांबा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

अर्ज गेला, हे कशावरून ओळखायचे?

"हो गया" या शब्दांवर विश्वास ठेवू नका. या चार गोष्टी हातात असल्या तरच अर्ज गेला समजा:

१. अर्ज क्रमांक.
२. स्थितीमध्ये "सबमिटेड" किंवा "सादर" असा शब्द. "ड्राफ्ट", "अपूर्ण" किंवा "सेव्ह" नव्हे.
३. मोबाइलवर किंवा ईमेलवर आलेला संदेश.
४. पावतीची पीडीएफ. प्रिंटर नसला तरी प्रिंटच्या पर्यायात "सेव्ह अ‍ॅज पीडीएफ" असते.

दुसऱ्या दिवशी वेगळ्या फोनवरून लॉगिन करून स्थिती पुन्हा बघा. शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे शाळेकडून तपासला जातो, म्हणून पावतीची एक प्रत वर्गशिक्षकांकडे द्या. अर्ज आमच्यापर्यंत पोहोचला की नाही, ते आम्ही मुदतीच्या आत सांगू शकतो.

तरी अडलेच तर तक्रार अशी करा

"फॉर्म चालत नाही" एवढेच लिहिले तर उत्तरही तसेच येते. तक्रारीत तारीख आणि वेळ, अर्ज क्रमांक, ब्राउझरचे नाव आणि आवृत्ती, फोनचे किंवा विंडोजचे नाव, आलेला संदेश शब्दशः आणि स्क्रीनशॉट द्या. क्रोमची आवृत्ती सेटिंग्जमध्ये "अबाउट क्रोम" इथे दिसते. स्क्रीनशॉटमधला आधार क्रमांक झाकायला विसरू नका. आणि तक्रार मुदत संपण्याआधी गेली पाहिजे. मुदतीनंतर तीच तक्रार सबब ठरते, मुदतीआधी ती पुरावा असते.

भारत सरकारने सरकारी वेबसाइटसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे केली आहेत. वेबसाइट वेगवेगळ्या ब्राउझरवर नीट चालली पाहिजे, अशी त्यांत अपेक्षा आहे. त्यामुळे "आमच्या ब्राउझरमध्ये चालत नाही" हे सांगताना लाजायचे कारण नाही. आपण मेहरबानी मागत नाही, हक्काची गोष्ट सांगतो.

शेवटची आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट. वर दिलेले सगळे उपाय करायला एक दिवस लागतो, आणि तो दिवस मुदतीच्या शेवटच्या रात्री मिळत नाही. फॉर्म सुरू झाला की पहिल्या आठवड्यात लॉगिन करा, फोटो चढवून बघा, कुठे अडते ते कळेल. त्या मुलीने पुढच्या वर्षी असेच केले. या वेळी बटण तिने स्वतः दाबले, अम्मी शेजारी बसून होती, आणि "सादर" हा शब्द स्क्रीनवर दिसेपर्यंत दोघी जागच्या हलल्या नाहीत.